डावं पातं

पिशवीतून पातं काढून मी स्वैपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि ते भलतीकडेच वळलेलं दिसलं. आधी वाटलं, आपणच उलटं ठेवलंय. फिरवलं. पुन्हा फिरवलं. पण बर्फावरच्या हॉकीच्या काठीचं पातं कसंही फिरवलं तरी त्याचा बाक ज्या बाजूचा असतो त्याच बाजूचा राहतो, आणि हा बाक डाव्या बाजूनं मारणाऱ्याचा होता. मी उजव्या बाजूनं मारतो. साठी उलटली माझी, आणि चालायला लागल्यापासून उजव्याच बाजूनं मारत आलोय. बापानं अंगणातल्या बर्फावर उभं करून हातात काठी दिली, ती मी जशी धरली तशी धरली, आणि कॅनडातल्या आमच्या सडबरीत तेवढ्यावरून माणूस जन्माचा डावा किंवा उजवा ठरतो. मग तो जेवतो कुठल्या हातानं हे कोणी विचारत नाही. इथलं शेंबडं पोरसुद्धा दुकानातून चुकीच्या बाजूचं पातं आणत नाही. आणि मी तर आज अर्धी सकाळ घालवून, पाती चाचपून, एक डोळा मिटून बाक बघून, दुकानवाल्या डोरीनचं डोकं खाऊन हे आणलं होतं.

"मिळालं का मनासारखं?" माझ्या बायकोनं, लोर्नानं विचारलं. ती ओट्यापाशी वेलदोड्याच्या पावाची वेणी घालत होती. माझ्या आईनं तिला हा फिनिश पाव शिकवला; आई गेली, आणि आता ही स्कॉटिश घरातली बाई आमच्या सगळ्या फिनिश नातलगांपेक्षा बरा करते.

"मिळालं," मी म्हणालो.

"मग तोंड का असं? दात उपटून आल्यासारखं?"

"काही नाही गं."

पातं पुन्हा पिशवीत घातलं आणि पिशवी घेऊन गराजमध्ये आलो. तिथं थंडी होती, तेलाचा वास होता, आणि विचारणारं कोणी नव्हतं. भिंतीला माझी काठी टेकवलेली होती, तडकलेल्या पात्यासकट. आमच्या काठ्या जुन्या पद्धतीच्या, दांडा वेगळा आणि पातं वेगळं. दांड्याचं टोक गरम करायचं, आतला गोंद वितळला की जुनं पातं ओढून काढायचं, नवं खुपसायचं. हल्लीचे लोक अखंड काठी घेतात, मोडली की फेकतात. मला फेकायला जमत नाही. दांडा तोच ठेवून पातं बदललं की निदान अर्धा तरी जुना खेळाडू शिल्लक राहतो, असं मला वाटतं. लोर्नाला हे एकदा बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "तुझे दोन्ही गुडघे बदलायला काढले की तुलाही हाच नियम लावू."

गेल्या रविवारी जे झालं ते मी तिला सांगितलेलं नाही. रविवारी सकाळी आमचा म्हाताऱ्यांचा खेळ असतो. समोरच्या संघाचा गोलरक्षक मर्व्ह, निवृत्त दंतवैद्य, पोट सांभाळत गोलात उभा असतो. माझी जागा गोलाच्या डाव्या हाताला, रंगवलेल्या वर्तुळाच्या कडेला. आमच्या खेळात चेंडूऐवजी रबरी चकती असते; तिथून मी आलेली चकती न थांबवता तशीच मारतो. मारायचो. मर्व्ह मला घाबरायचा, हे तो स्वतः बिअर पिताना कबूल करायचा. तर त्या रविवारी नव्या पोरानं, म्हणजे पन्नाशीच्या ब्रेंटनं, उजवीकडून मला चकती दिली, मी अंगातली सगळी ताकद घालून फटका मारला, आणि मर्व्हनं ती हातमोज्यात अशी झेलली, जशी कोणी सोफ्यावरून फेकलेली किल्ली झेलावी. वर म्हणाला, "हळू रे रायमो, घरात कोणी झोपलं असेल!" सगळे हसले. मीही हसलो. न हसून काय करतो?

मग कपडे बदलायच्या खोलीत डुबचॅक शेजारी येऊन बसला. डुबचॅक आमचा कप्तान, माणूस सोन्यासारखा, पण त्याला काही वाईट सांगायचं असलं की तो आधी खांद्यावर हात ठेवतो. त्यानं हात ठेवला. मी समजलो.

"राग मानू नकोस रायमो. पुढच्या रविवारपासून मागं खेळतोस का? बचावाला? पुढं खेळायला ब्रेंटचा मेहुणा येतोय."

"माझ्या जागेवर?"

"अरे, तुझा फटका हल्ली..."

"फटक्याला काय धाड भरलीय? पात्याला तडा गेलाय माझ्या. नवं बसवतो, मग बघ."

बाकीचे सगळे आपापल्या स्केटच्या नाड्यांत बुडाले होते. नाड्या सोडायला माणसाला एवढा वेळ लागत नाही. "बसव की," डुबचॅक म्हणाला. "या रविवारी तू तुझ्या जागेवर. बघू या. नाही जमलं तर मागं." तो रविवार उद्या आहे. आणि माझ्याजवळ डावं पातं आहे.

हे माझ्या हातून झालं कसं? डोरीनच्या दुकानात डाव्या पात्यांची भिंत भरलेली असते, कारण आमच्या देशात डावे फार. आम्ही उजवे खाली कोपऱ्यात, एका खोक्यात. मी त्या खोक्यासमोर उकिडवा बसलो होतो, गुडघे करकरत होते. एक पातं टोकाशी खूप वळलेलं होतं, चकती वर उडवायला बरं. एक टाचेपाशी वळलेलं, लांबून ताकदीनं मारायला. तिसऱ्याचा दांड्याशी कोन जरा उभा होता, आणि ते हातात घेऊन मी बराच वेळ खाली बघत राहिलो, कारण हल्ली माझ्या पात्यावर गुंडाळलेली टेप पुढच्या टोकालाच झिजते. म्हणजे मी आता पूर्वीसारखा वाकत नाही. सरळ उभा राहून खेळतो, सरकारी कार्यालयात रांगेत उभं राहावं तसा. हे कळून काही बरं वाटलं नाही. मी उठलो, कंबर सरळ केली, आणि मग माझा हात वर गेला. भिंतीवर, तिसऱ्या ओळीत, एक जवळजवळ सपाट पातं होतं. बाक असा की बोट फिरवलं तरच कळावा. ते हातात घेतलं आणि मला एकदम शांत वाटलं. हेच. याच्यासाठीच आलो होतो. डोरीननं पिशवीत घालताना माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "रेआल कसा आहे?"

"बरा आहे."

"येतोय का परत?"

"बघू."

"सांग त्याला, मी विचारलं म्हणून." आणि ती हसली. तिनं एकाएकी रेआलचं का काढलं, ते मला तेव्हा कळलं नाही. पिशवी घेऊन मी शीळ घालत घरी आलो. आता कळतंय, हे त्याचंच पातं. दर हिवाळ्याच्या तोंडावर मी दोन पाती आणायचो, एक माझं बाकदार उजवं आणि एक रेआलचं सपाट डावं. त्याला दुकानात नेण्याची सोय नव्हती. रेआल जर्वे पात्यांपुढे उभा राहिला की संध्याकाळ व्हायची. प्रत्येक पातं गालाला लावायचा, वास घ्यायचा, टिचकी मारून आवाज ऐकायचा, डोरीन म्हणायची, "लग्न करणार आहेस का त्याच्याशी?" शेवटी मीच फर्मान काढलं की तू घरी बस, मी आणतो. तेव्हापासून माझा हात तिसऱ्या ओळीकडे जायला शिकला. आता रेआल पार देशाच्या पश्चिमेला, केलोनाला आहे. हात मात्र इथंच राहिला.

रेआल शहराची बस चालवायचा. मी निकेलच्या कंपनीत खाणींचे नकाशे काढायचो, दिवसभर जमिनीखालच्या रेघा. आमची ओळख व्हायचं तसं काही कारण नव्हतं. तो फ्रेंच, मी फिन, तो बोलत सुटणारा, मी घुम्या. पण म्हाताऱ्यांच्या संघात, म्हणजे आम्ही तेव्हा म्हातारे नव्हतो, वयाची अट नुकती पार केली होती, तो डावा असून उजवीकडे खेळायचा आणि मी उजवा असून डावीकडे. बाकीच्यांना हे वेड्यासारखं वाटायचं. पण तसं उभं राहिलं की दोघांची पाती मधे, एकमेकांकडे तोंड करून असतात. त्यानं तिकडून चकती सोडायची, मी इकडून मारायची. आणि त्याची चकती अर्धा श्वास उशिरा यायची. पहिल्या वर्षी मी त्याच्यावर डाफरायचो, "झोपलास काय?" मग माझ्या ध्यानात आलं की त्या अर्ध्या श्वासात मर्व्ह हललेला असतो, माझा पाय नीट टेकलेला असतो, आणि गोलाचा एक कोपरा नुसता उघडा पडलेला असतो. मी त्याला विचारलं, हे तू शिकलास कुठं? तो म्हणाला, "बसमध्ये. दार लावायच्या आधी मी आरशात बघतो. कोणीतरी पळत येत असतंच." एवढंच. थंडीत, मफलर सावरत, कोणीतरी पळत येत असतंच. मी इतकी वर्षं तो पळत येणारा माणूस होतो आणि मला वाटायचं फटका माझा आहे.

गेल्या वसंतात त्याचा खुबा बदलला, मग दुसराही बदलायचं ठरलं, आणि जोझे, त्याची मुलगी, येऊन त्याला घेऊन गेली. घर विकलं. निघताना त्यानं आपला दांडा माझ्या गराजमध्ये आणून ठेवला. माझ्यासारखाच, ॲल्युमिनियमचा, आम्ही दोघांनी एकाच दिवशी घेतले होते. वरच्या टोकाला त्यानं टेपची गाठोडीसारखी जाड मूठ केलेली. "राहू दे इथंच," म्हणाला. "आलो की लागेल." मी "बरं" म्हटलं. आम्ही हात मिळवले. गाडीत बसताना त्याला त्रास झाला, आणि तो त्याच्या पद्धतीनं शिव्या देत बसला. आमच्याकडचे फ्रेंच शिव्या देतात त्या चर्चमधल्या भांड्याकुंड्यांच्या. देव्हारा, पेला, प्रसाद, सगळं एका दमात. गाडी वळली तरी ऐकू येत होत्या. त्यानंतर मी काय केलं? गराजचं दार लावलं आणि आत येऊन सूप प्यालो. लोर्ना म्हणाली, "रड की जरा, काही होत नाही." मी म्हटलं, त्यात रडायचं काय? विमानानं दिवसभराचा तर रस्ता.

आणि आता फेब्रुवारी. मी त्याचा दांडा भिंतीवरून काढला. धूळ बसलेली. हातमोजा काढून मुठीवर हात ठेवला; टेप खरखरीत, थंड, आणि त्याच्या पंजाच्या मापाची. माझा हात तिच्यात बसला नाही. मला त्याची आठवण येते. हे असं सरळ वाक्य मी मनातसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं. दुखतं तेव्हा आम्ही हवामानाबद्दल बोलतो. पण गराजमध्ये ते वाक्य आलं आणि गेलंच नाही, बसून राहिलं. मला माझा फटका परत हवा होता, माझी वर्तुळाकडची जागा हवी होती. आणि त्या जागेवर उभं राहून उजवीकडे बघितलं की तो दिसायला हवा होता, लाल नाक, तोंड उघडं, आरशात बघितल्यासारखा माझ्याकडे बघणारा. ब्रेंटचा काही दोष नाही. ब्रेंट वेळेवर पास देतो.

गरम हवेचं यंत्र लावून मी त्याच्या दांड्याचं टोक तापवलं. गोंदाचा जळका वास सुटला. डावं पातं आत सरकलं, पहिल्याच झटक्यात. मी पांढरी टेप गुंडाळली, टाचेकडून टोकाकडे, तो करायचा तशी. मग दोन्ही काठ्या घेऊन मागच्या अंगणात आलो. तिथं मी दर वर्षी भोवती फळ्या लावून, नळीनं पाणी मारून बर्फ धरतो, टोकाला गोलाचे खांब आणि जाळी ठेवतो. मुलं लहान होती तेव्हा धरायचो, आता मुलं टोरांटोत, तरी धरतो. लोर्ना दर नोव्हेंबरात विचारते, कुणासाठी? मी दर नोव्हेंबरात नळी जोडतो. उजव्या बाजूला बर्फाचा ढीग होता, उपसून टाकलेला. त्यात मी रेआलची काठी आडवी रोवली, पातं बर्फाला टेकवून, तोंड माझ्याकडे करून. लाथ मारून घट्ट केली. मागं सरकून बघितलं. लेकाचा अगदी रेआलसारखाच उभा होता.

मी चकती त्याच्याकडे ढकलली. टक् करून आपटली आणि परत आली. मारली. बाजूनं गेली. पुन्हा. खांबाला लागली. तडकलेलं पातं हातात झिणझिण्या आणत होतं. उन्हं कलली होती, पलीकडे खाणीच्या काळ्या मळीच्या टेकड्यांवर बर्फ गुलाबी दिसत होता, आणि माझा फटका मर्व्हच्या किल्लीसारखाच जात होता. मग खिशात फोन वाजला. शनिवार. रेआल दर शनिवारी याच वेळी करतो. तिकडे डोंगरापलीकडे तेव्हा दुपारचं जेवण नुकतं झालेलं असतं.

"काय रे घुम्या," तो म्हणाला. "थंडी किती?"

"आहे. तुझ्याकडे?"

"पाऊस. द्राक्षांच्या नागड्या काड्या आणि पाऊस. जोझे मला रोज चालायला लावते, बदकासारखं. तू धापा का टाकतोयस? कुठं आहेस?"

"मागं. बर्फावर."

"एकटा? मग पास कोण देतंय?"

मी ढिगाकडे बघितलं. "तू."

मी सांगून टाकलं. दुकान, तिसरी ओळ, डोरीन, सगळं. चुकून डावं आणलं म्हणून. तुझ्याच दांड्यावर बसवलंय म्हणून. तो देव्हाऱ्यापासून सुरू झाला आणि प्रसादापर्यंत पोचला, पण फार हळू आवाजात. मग विचारलं, "बरा देतोय का पास?"

"तुझ्यापेक्षा वेळेवर."

"मग काय उपयोग!" तो म्हणाला. "ठेव फोन कुठंतरी. ऐकू दे."

मी टोपी काढून ढिगावर ठेवली आणि तिच्यात फोन. कान गार पडले. मारलं. "खांब," टोपीतून आवाज आला. मारलं. "फळी. टाचेवर घेतलीस. अरे वाक की जरा!" 

"वाकवत नाही रे," मी म्हणालो. आणि मग तेही निघालं, "मला मागं खेळ म्हणतायत. उद्या शेवटची संधी. फटका गेला माझा."

मी चकती काठीनं ओढून परत पुढ्यात घेतली.

"मागून पास द्यावे लागतात," रेआल म्हणाला.

"माहीत आहे."

"मग तुझं ते बाकदार पातं कशाला? त्यानं चकती उडते. सपाट घे. उजव्यात मिळतं सपाट, खोक्याच्या तळाशी असेल. गालाला लावून बघ."

"आणि माझी जागा?"

"तिथं कोण येतोय?"

"ब्रेंटचा मेहुणा. धावत सुटतो नुसता, पाय टेकायच्या आधी मारतो."

"मग त्याच्यासाठी थांब थोडा," तो म्हणाला. "दार लावायच्या आधी आरशात बघायचं. दुसरं काही नाही त्यात."

"रेआल, मला तुझी फार आठवण येते रे," मी टोपीला म्हणालो. एवढ्या मोठ्यानं, की लोर्ना खिडकीशी आली.

"गाढवा," तो म्हणाला. त्याचा आवाज नीट नव्हता. "मला काय तुझी येत नाही? इथं कोणी हॉकीतलं बोलत नाही. वाईनबद्दल बोलतात. मार एक अजून. एकच. माझ्याकडून घे."

मी चकती त्याच्या पात्याकडे सोडली, यावेळी हळू. ती टेकली, आणि बर्फात जरा रुतल्यासारखी झाली, आणि मग परत आली, अर्धा श्वास उशिरा. माझा पाय टेकला होता. मी वाकलो, खरंच वाकलो, गुडघ्यांना आई आठवली, आणि मारलं. पात्याचा तडा पुरता उकलला, तुकडा उडाला. चकती गोलावरून, जाळीवरून, लोर्नाच्या कुंपणाच्या झुडपांत गेली आणि कमरेएवढ्या बर्फात गडप झाली.

"गेला?" टोपीतून आवाज आला.

"गेला," मी म्हणालो. "वरच्या कोपऱ्यात."

"खोटारडा. जाळीचा आवाज नाही आला."

मी हसायला लागलो, तोही. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, पापण्या गारठून एकमेकींना चिकटल्या. लोर्नानं दार उघडून विचारलं, काय झालं, कोण आहे तिथं? मी तिला हातानं सांगितलं, ये, काही नाही.

"झुडपात गेली का?" रेआलनं विचारलं.

"हो. आता एप्रिलशिवाय सापडत नाही."

"बरं मग. बर्फ उतरला की मी येतो. दोघं मिळून शोधू."

दुसरा खुबा मार्चमध्ये बदलायचा आहे त्याचा. वरून जोझेनं त्याला पुढच्या हिवाळ्यापर्यंत विमान नको म्हणून बजावलंय. हे तिनं मला फोन करून सांगितलेलं, त्याला न कळता.

"शोधू," मी म्हणालो.

त्यानं फोन ठेवला. मी टोपी डोक्यावर घातली, ती आतून थंडगार झाली होती. डोरीनचं दुकान सहापर्यंत उघडं असतं. लोर्नाला म्हटलं, गाडीची किल्ली दे, उजवं सपाट पातं घेऊन येतो. तिनं माझ्या हातातली मोडकी काठी बघितली, मग ढिगात रोवलेली दुसरी बघितली. "ती आत आणायची नाही का?" तिनं विचारलं.

"राहू दे," मी म्हणालो. "थांब म्हणावं त्याला जरा, मी येतोय."